मे महिन्यात येऊन विचारा

सन अठ्ठ्याऐंशी, जानेवारी महिना, सकाळी सव्वानऊ. जळगावच्या फुले मार्केटात रतिलालशेठच्या कापड दुकानाची पायरी एक तरुण चढला, तेव्हा त्याच्या अंगात मलमलीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा होता आणि त्याचे दात वाजत होते.

"चादरी... आहेत?"

काउंटरवर मंजुळा चुडामण पाटील उभी होती. बी. ए., दुसरा वर्ग. दोन वर्षांपासून ती इथे कापड दाखवत होती आणि गिऱ्हाइकाला काय हवंय हे गिऱ्हाइकाच्या आधी ओळखत होती. तिने या माणसाकडे पाहिलं आणि प्रथमच तिचा अंदाज चुकला. तिला वाटलं, एक.

"किती देऊ?"

"चौदा."

"लग्न आहे का घरात?"

"नाही. सहल आहे."

त्याने मान वळवली. बाहेर रस्त्यावर एक मिनीबस उभी होती आणि काचांआडून तेरा पुणेकर त्याच्याकडे बघत होते. सगळ्यांच्या अंगात मलमल, व्हॉइल आणि तत्सम हवेशीर वस्तू. थंडीपेक्षा त्या तेरा नजरांनीच तो जास्त गारठला असावा.

"एवढ्या थंडीत हे असले कपडे?" मंजुळा म्हणाली.

"खानदेशचं हवामान उष्ण आहे," तो म्हणाला. आवाज थरथरला, पण मत ठाम होतं. "पुस्तकात आहे तसं."

"पुस्तक कोणत्या महिन्यात लिहिलंय?"

त्याने खिशातून एक छापील पत्रक काढून पुढे केलं. पुण्याच्या एका प्रवासी कंपनीचं ते पत्रक होतं. 'सोबत काय आणावे' या मथळ्याखाली एकच ओळ होती : खानदेश – हवामान उष्ण, कपडे पातळ व मोजके आणावेत.

"कोणी लिहिलं हे?"

"मी."

"याआधी कधी आला होता इकडे?"

"काल संध्याकाळी."

मंजुळाने चौदा चादरी मोजून काउंटरवर ठेवल्या. मग पत्रक उलटं केलं, त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि कोऱ्या पाठीवर लिहायला लागली. अख्ख्या प्रदेशाला एका ओळीत गुंडाळणं तिला सहन झालं नव्हतं.

"मंजुळाबेन," गादीवरून रतिलालशेठ म्हणाले, "गिऱ्हाइकाला कापड दाखव. अक्षर नको दाखवू."

"दाखवलं, शेठ. आता अक्कल दाखवते." ती लिहिता लिहिता म्हणाली, "हिवाळा. सकाळी साडेनऊपर्यंत शाल, कानटोपी. बारा वाजता नुसता सदरा. म्हणजे बारा वाजता तुम्हाला या चादरीचा राग येईल, आणि संध्याकाळी सहाला आठवण येईल."

"चादरीची... की तुमची?"

हे वाक्य दत्ताराम साळवीच्या तोंडून कसं निघालं, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो गुहागरकडचा, शांत घरातला मुलगा होता. थंडीने माणसाचं नियंत्रण सुटतं, एवढंच म्हणता येईल.

"चादरीची," मंजुळा म्हणाली. "माझं अक्षर तुमच्याकडे आहेच."

*

त्यानंतर कंपनीची अजिंठा सहल दर पंधरवड्याला जळगावला मुक्काम करू लागली आणि दर खेपेला दत्तारामला कपड्यांविषयी एक तातडीची शंका येऊ लागली. पावसाळ्यात इथे कोणत्या चपला चालतात? ("काळ्या मातीत चप्पल चालत नाही, राहते. तुम्ही पुढे जाता.") ऑक्टोबरात छत्री लागते का? ("लागते. उन्हाला.")

"आमच्याकडे बरं आहे," तो एकदा म्हणाला. "वर्षभर एकच सदरा चालतो. फक्त वाळत नाही."

ती हसली. कापडाच्या ठाणाआड तोंड लपवून हसली, पण खांदे हलताना दिसले. त्या खांद्यांच्या हलण्यावर दत्तारामने पुढचे पंधरा दिवस काढले.

तिला हाक कशी मारायची, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. 'ताई' म्हणायचं नाही हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. 'बाई' म्हणावं तर शाळा आठवे. शेवटी तो तिला 'अहो' म्हणू लागला. रतिलालशेठने ते ऐकलं, चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी चुडामणआबांना, म्हणजे मंजुळाच्या वडिलांना, बोलावून चहा पाजला. काय बोलणं झालं कोणास ठाऊक. पण पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी दत्तारामला आबांच्या मळ्यात भरताच्या जेवणाचं बोलावणं आलं.

मळा गिरणाकाठी, जळगावपासून पाच-सहा मैलांवर. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हाताएवढी हिरवी वांगी फुटत होती आणि धुराचा, भाजलेल्या मिरचीचा वास सगळ्या शेतावर रेंगाळत होता. ऊन असं कोवळं, की माणसाला आपण चांगलेच आहोत असं वाटावं. मंजुळाची आई भिकुबाई पानात वाढत होती. दत्तारामने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, तीन भाकरी खाल्ल्या. चौथीला त्याने धीर केला.

आई-आबा विहिरीकडे गेलेले पाहून तो म्हणाला, "अहो... इथली हवा मला फार मानवली."

"फेब्रुवारीत सगळ्यांनाच मानवते."

"नाही, म्हणजे... इथेच... म्हणजे तुमची हरकत नसेल तर मी आबांना..."

मंजुळाने हातातली भाकरी खाली ठेवली. तिचे डोळे क्षणभर खाली गेले, पापण्या थरथरल्या – आणि मग ती जे बोलली त्यात थरथर अजिबात नव्हती.

"माझी ताई आहे, कमल. पुण्याला दिलीय. जगताप भाऊजी असेच डिसेंबरात आले होते. भरीत खाल्लं, म्हणाले, हवा मानवली. जानेवारीत लग्न. पहिल्या आखाजीला आले, त्यांना ऊन लागलं, दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यानंतर पाच वर्षं झाली, ताई आखाजीला आली नाही."

"आखाजी म्हणजे... अक्षय तृतीया ना? दिवाळीला येत असतील की."

मंजुळाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चौथी भाकरी आपणहून बाजूला सारली.

"दिवाळी सगळ्यांची असते. आखाजी लेकीची. लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते, चार दिवस कोणाची सून नसते. आणि येते ती भर उन्हाळ्यातच येते. आई दरवर्षी त्या निंबाला चऱ्हाट बांधते झोक्याचं. दरवर्षी पुण्याहून कार्ड येतं – ऊन फार आहे, मुलांना सोसणार नाही. आई ते चऱ्हाट सोडते आणि गुंडाळून ठेवते. कोणाला काही म्हणत नाही." ती थांबली. "मला तसं कार्ड पाठवायचं नाहीये. कधीच."

दत्तारामने त्या निंबाकडे पाहिलं.

"म्हणून माझं असं आहे. ज्याला विचारायचंय त्याने मे महिन्यात येऊन विचारावं. आखाजीच्या तीन दिवस आधी. एस.टी.नं. भरदुपारी. आल्यावरही हवा मानवली असं म्हणता आलं, तर विचारावं."

"आणि मग तुम्ही काय म्हणाल?"

"ते मे महिन्यात."

*

मार्च-एप्रिल पोस्टात गेले. कंपनीचं पत्रक नव्याने छापायचं होतं, तोवर अजिंठ्याची सहल बंद होती आणि दत्ताराम एकेक ऋतू आंतरदेशीय पत्रावर लिहून तिच्याकडे तपासायला पाठवत होता. उन्हाळ्याबद्दल त्याने लिहिलं : 'अर्ध्या बाह्यांचे, पातळ व उघडे कपडे आणावेत.'

उत्तर परतीच्या टपालाने आलं.

'तुमच्याकडे घाम येतो, म्हणून तुम्ही कपडे काढता. इथे घाम दिसायच्या आत वारा पिऊन टाकतो. इथे झाकायचं असतं. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा. टेरिलीन घरी. कान आणि डोकं बांधायला मोठा रुमाल, तोही सुती. खिशात एक कांदा. हसू नका, कांदा ठेवावा. आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा परत दिसला तर मी काउंटरच्या आत जाईन, बाहेर येणार नाही.'

कंपनीचे मालक हे वाचून म्हणाले, "साळवी, या मजकुराने मे महिन्यात एक माणूस जायचा नाही."

"मी जाणार आहे, साहेब," दत्ताराम म्हणाला. "चार दिवसांची रजा हवी होती."

त्याच आठवड्यात त्याने मंजुळाला एका ओळीचं पत्र टाकलं : 'कमलताईंचा पुण्याचा पत्ता कळवावा.' तिने कळवला. कशाला, ते विचारलं नाही. पण ते पत्र पेटीत टाकल्यावर ती पेटीपाशी जरा वेळ उभी राहिली, हे पोस्टमनने पाहिलं.

*

आखाजीच्या तीन दिवस आधी दुपारी दीड वाजता गावाच्या फाट्यावर एस.टी. थांबली आणि तिच्यातून एक गाठोडं उतरलं.

मंजुळा फाट्यावरच्या निंबाखाली उभी होती. ती सहज आली होती. निदान आईला तसं सांगून आली होती. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, वाऱ्याला भट्टीचा वास होता. गाठोडं तिच्या दिशेने चालू लागलं. जाड खादीचा पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाशी बटण लावलेलं. डोक्याला, कानांना, नाकाला, हनुवटीला पांढरा रुमाल. उघडे फक्त डोळे.

त्या दोन डोळ्यांकडे ती पाहत राहिली. एरवी माणसाचं बोलणं, हसणं, मिशी हे सगळं मध्ये येतं. आज मध्ये काहीच नव्हतं. उन्हाने लाल झालेले, चुरचुरणारे, आणि तरी तिच्यावरून न हलणारे दोन डोळे... मंजुळालाच आपली मान खाली घालावी लागली.

"कांदा?" ती मातीकडे बघत म्हणाली.

रुमालाआडून आवाज आला, "दोन आणलेत."

घरी भिकुबाईने आधी गूळ दिला, मग थोडं थोडं पाणी, मग कैरीचं पन्हं. आबा बाजेवर पडल्या पडल्या पाहुण्याची पाहणी करत होते. रुमाल सुटला, आतून दत्ताराम निघाला. ओठ फुटले होते, पण उभा होता.

"मी कमलताईंकडे गेलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, येताना त्यांनाही घेऊन यावं."

भिकुबाईचा हात पन्ह्याच्या तांब्यावर थांबला.

"आणि?" मंजुळाने विचारलं.

"नाही जमलं. ताई म्हणाल्या, येऊ तर दोघं येऊ, नवऱ्याला सोडून येणार नाही. भाऊजी म्हणाले, मुलांना घामोळं येतं. मी म्हटलं, सुती बंड्या घाला. ते म्हणाले, झळ लागते. मी म्हटलं, पहाटेची गाडी धरा, कान बांधा. ते एकेक कारण काढत होते, मी एकेक कपडा सांगत होतो. शेवटी त्यांची कारणं संपली. तेव्हा चिडले आणि म्हणाले..." तो अडखळला. "म्हणाले, त्या गावात माझ्यावर गाणं आहे."

आबांनी कूस बदलली.

"पहिल्या आखाजीला ते म्हणे लग्नातला लोकरी सूट घालून आले होते. टाय लावून. झोक्यापाशी बायका जमलेल्या, तिथेच चक्कर येऊन पडले. नुसतं ऊन लागलं असतं तर त्यांना काही वाटलं नसतं. पण बायकांनी त्यावर गाणं रचलं आणि ते शुद्धीवर आले ते गाणं ऐकतच. ऊन हे निमित्त आहे हो. त्यांना गाणं लागलंय. कोणी रचलं, ते त्यांना अजून माहीत नाही."

"मला माहीत आहे," मंजुळा म्हणाली.

"कोणी?"

"मी."

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गाणं चांगलं होतं; नऊ कडवी होती आणि चाल सोपी होती. गावाने ते तीन दिवस म्हटलं. पाच वर्षं ती भाऊजींना उन्हाला भिणारा माणूस म्हणत आली होती, आणि आईने दरवर्षी जे चऱ्हाट सोडलं ते तिच्याच कवितेने बांधलं होतं. ती आईकडे बघू शकली नाही. भिकुबाईने तांब्या खाली ठेवला आणि लेकीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मंजुळा उठली. कोपऱ्यातली कापडी पिशवी घेतली, दोरीवरचं एक लुगडं आत कोंबलं.

"धुळ्याला जाणारी गाडी किती वाजता आहे?"

"कोणाला?" दत्तारामने विचारलं.

"मला. पुण्याला जायचंय. आज बसले तर उद्या सकाळी पोचते, परवा त्यांना घेऊन परत. आखाजी सापडते."

"मी येतो. मी आत्ताच त्या रस्त्याने—"

"तुम्ही सावलीत बसा. ओठ बघा तुमचे."

"घर मी पाहिलंय," तो उठत म्हणाला आणि रुमाल पुन्हा डोक्याला बांधू लागला. "आणि अहो... मी इथे विचारायला आलो होतो—"

"आत्ता नाही. आधी ताई."

बाजेवरून आबांचा आवाज आला, "तू एकली? मी बी येस." आणि ते पागोटं शोधू लागले.

*

पुण्यात जगताप भाऊजी बनियनवर पेपर वाचत बसले होते. दारात आधी सासरे दिसले, मग परवाचा तो पत्रकवाला, आणि त्या दोघांच्या मधून मेव्हणी थेट पुढे आली. वहाणा काढायच्या आधीच ती बोलली.

"भाऊजी, ते गाणं मी रचलं होतं."

भाऊजींनी पेपराची व्यवस्थित घडी घातली. "सगळं?"

"नऊही कडवी."

"सातवं फार लागलं मला."

"टायचं?"

"टायचंच."

"चुकलं माझं. माफी मागायला आलेय." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "गंमत होती. तुम्हाला लागलं ते मला कळलंच नाही. आणि त्याची शिक्षा ताईला झाली, आईला झाली. मला काहीच झालं नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण चला."

भाऊजी बराच वेळ घडीवर अंगठा फिरवत राहिले. मग अचानक उसळून म्हणाले, "अहो, पण काय घालून यायचं हे मला कोणी सांगितलंच नाही! सगळे म्हणाले, या. आग्रहाने या. जावई म्हटल्यावर सूट घातला मी! मला काय माहीत तुमच्याकडे सूट म्हणजे मरण आहे!"

"म्हणून सांगायला आलेय," मंजुळा म्हणाली. "जाड सुती सदरा. पूर्ण बाह्या."

"आहे तसा माझ्याकडे," भाऊजी पुटपुटले. "पांढरा."

आतून कमल आली. हात कणकेचे होते. ती आबांच्या पायाशी वाकली, बहिणीच्या गालाला कोपर लावलं, आणि कणकेच्याच हातांनी कपाटावरची बॅग खाली ओढली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या स्टँडवर जळगाव गाडी लागली, तेव्हा तिच्यात एक अख्खं कुटुंब चढलं. भाऊजींचे कान कमलने इतके घट्ट बांधले होते, की त्यांना कंडक्टरचं काहीही ऐकू येत नव्हतं आणि त्यामुळे ते प्रसन्न होते. दोन्ही पोरं खिडकीसाठी भांडत होती. ते चौघं पुढे बसले. मागच्या तिघांच्या बाकावर खिडकीशी मंजुळा, कडेला दत्ताराम आणि मधोमध चुडामणआबा. आबांनी बसल्याबरोबर पागोटं डोळ्यांवर ओढलं आणि मान टाकली.

गाडी पारोळ्याच्या दिशेने निघाली. खिडकीतून वारा नव्हे, झळ येत होती. बाहेर नांगरलेली काळी शेतं थरथरत होती, पुढच्या बाकावरून कमलच्या बांगड्या मध्येच वाजत होत्या. ती पोरांना झोका म्हणजे काय ते समजावत होती.

मंजुळाने रुमाल हनुवटीखाली ओढला.

"तुम्ही काहीतरी विचारणार होता."

"हो." त्याने आबांच्या पागोट्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पण त्याआधी तुमची अट होती. हवा मानवली असं म्हणता आलं तर."

"मग?"

"नाही मानवली." तो म्हणाला. "खरं सांगतो. चार दिवसांत तीन वेळा हा रस्ता केला. डोळे जळतात. पाणी पितो ते कुठे जातं कळत नाही. काल नाकातून रक्त आलं, ते तुम्हाला सांगितलं नाही. ही हवा मला मानवणार नाही, पुढच्या वर्षीही नाही, कधीच नाही." त्याने खिशातला कांदा चाचपला. "तरी दरवर्षी येईन. मानवत नाही म्हणून कार्ड टाकणार नाही. एवढंच म्हणता येईल... पुरेल का?"

मंजुळा खिडकीबाहेर बघत होती. एक फाटा गेला, एक पूल गेला. दत्तारामने मनातल्या मनात सगळ्या आशा एकेक घडी घालून ठेवायला सुरुवात केली.

"पुढच्या आखाजीला मला माहेरी यायचंय," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्ही तर माहेरीच..."

"तेच तर." तिने वळून पाहिलं. उन्हाने, धुळीने आणि आणखी कशाने तरी तिचा चेहरा लाल झाला होता. "माहेरी यायचं म्हणजे आधी सासरी जावं लागतं ना."

दत्ताराम उघड्या तोंडाने तिच्याकडे बघत राहिला. गाडीच्या खडखडाटात त्याला पुन्हा एकदा ऐकायचं होतं, पण विचारायची छाती होईना. त्याचा हात आबांच्या पाठीमागून, बाकाच्या लोखंडी दांडीवरून हळूहळू सरकला. दांडी तापलेली होती. पलीकडून दुसराही एक हात आला. दोघांनी चटका सोसला, पण कोणी हात काढला नाही.

"ठरनं ना मंग?" पागोट्याखालून आबा म्हणाले. "आते माले झोपू द्या."